यंत्रमानवाला कुंपण कशासाठी?

‘यंत्रमानव’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलादी अंगाचा, दोन पायांवर चालणारा आणि डोळ्यांच्या जागी दिवे असलेला पुतळा उभा राहतो. हे चित्र आपल्याला नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी दिले आहे. ‘रोबो’ हा शब्दच मुळी नाटकातून आला. झेक लेखक कारेल चापेक याने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात तो प्रथम वापरला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. नाटकातले हे वेठबिगार अखेर आपल्या मालकांवर उलटतात. तेव्हापासून ‘यंत्रमानव माणसावर उलटेल काय?’ हा प्रश्न लोकांच्या मनात घर करून बसला आहे. पुढे १९४२ साली आयझॅक असिमोव्ह या विज्ञानकथा-लेखकाने आपल्या कथेतील यंत्रमानवांना तीन नियम घालून दिले. त्यांतील पहिल्याचा आशय असा की, यंत्रमानवाने माणसाला इजा करता कामा नये.

कारखान्यातला खरा यंत्रमानव मात्र वेगळाच असतो. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. त्याला ना तोंड होते, ना पाय, ना डोळे. जमिनीला पक्का बसवलेला एकच अवजड हात साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूला ठेवी, इतकेच. असा हात माणसावर ‘उलटणे’ शक्य नाही, कारण त्याला स्वतःची इच्छाच नसते. तरीही अशा यंत्रांमुळे माणसे दगावली आहेत. हे कसे घडते आणि ते घडू नये म्हणून कोणत्या योजना असतात, ते आता पाहू.

दोन अपघात

अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लॅट रॉक येथे फोर्ड कंपनीचा ओतकामाचा कारखाना होता. तेथे ओतीव भाग उंच मांडण्यांवर रचून ठेवलेले असत आणि ते काढून आणण्याचे काम एक स्वयंचलित यंत्रणा करी. २५ जानेवारी १९७९ रोजी ही यंत्रणा साठ्याचे आकडे चुकीचे दाखवू लागली, म्हणून एक कामगार भाग काढण्यासाठी मांडणीवर चढला. त्याच वेळी सुमारे एक टन वजनाच्या यंत्राचा हात मागून आला आणि त्याच्या डोक्यावर आदळला. कामगार जागीच मरण पावला. यंत्र मात्र थांबले नाही. माणूस खाली पडला आहे हे त्याला ‘कळले’च नाही. सुमारे अर्ध्या तासाने सहकाऱ्यांच्या ही गोष्ट लक्षात आली. यंत्रमानवाच्या हातून झालेला हा पहिला ज्ञात मृत्यू होय. यंत्र तयार करणाऱ्या कंपनीने पुरेशी सुरक्षा-योजना केली नव्हती असे ठरवून, १९८३ साली न्यायालयातील ज्यूरीने मृताच्या कुटुंबाला १ कोटी डॉलर भरपाई देवविली.

दुसरा अपघात १९८१ सालच्या जुलैमध्ये जपानमध्ये घडला. आकाशी येथील कावासाकी कंपनीच्या कारखान्यात यंत्रमानवाभोवती कुंपण होते. कुंपणाचा अडसर रीतीप्रमाणे काढला की यंत्राची वीज आपोआप तुटे. दुरुस्तीसाठी गेलेला कामगार मात्र अडसर न काढता कुंपण ओलांडून आत गेला. यंत्र चालू झाले आणि त्याच्या हाताने कामगाराला शेजारच्या यंत्रावर दाबून धरले. त्यात त्याचा अंत झाला.

अशा घटना पुढेही घडल्या. २०१५ साली जर्मनीत बाउनाटाल येथे मोटारींच्या कारखान्यात यंत्रमानव बसवत असताना एक तरुण तंत्रज्ञ यंत्र आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये चिरडला गेला. त्याच वर्षी आपल्याकडे हरियाणातील मानेसर येथे, त्या वेळच्या बातम्यांनुसार, निसटलेला पत्रा सारखा करायला गेलेला कामगार यंत्रमानवाच्या तडाख्यात सापडला.

या सर्व घटनांमध्ये एक साम्य आहे. यंत्र नेहमीचे काम करीत असताना आणि माणूस नेहमीच्या जागी उभा असताना यांतील एकही अपघात झाला नाही. काहीतरी अडले, बिघडले किंवा बसवायचे होते, आणि त्यासाठी माणूस यंत्राच्या आवाक्यात गेला, तेव्हाच घात झाला. असिमोव्हचा नियम येथे का उपयोगी पडत नाही हेही यावरून ध्यानात येईल. ‘माणसाला इजा करू नकोस’ ही आज्ञा पाळण्यासाठी आधी समोर माणूस आहे हे कळायला हवे. फ्लॅट रॉकच्या यंत्राच्या लेखी मांडणीवर फक्त ओतीव भाग होते.

फटक्यातील ऊर्जा

यंत्रमानवाचा हात किती धोकादायक असतो याचा हिशेब दहावीच्या भौतिकशास्त्राने करता येतो. समजा, हाताच्या हलणाऱ्या भागाचे आणि त्याने उचललेल्या ओझ्याचे मिळून वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे आणि तो सेकंदाला २ मीटर वेगाने फिरत आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. म्हणून,

५० × २ × २ ÷ २ = १०० ज्यूल.

५० किलोचे सिमेंटचे पोते सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत उंचीवरून पायावर पडले तर एवढीच ऊर्जा असते. हा हात एखाद्या अडथळ्यावर आदळून २ सेंटिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल १०० ÷ ०.०२ = ५००० न्यूटन होईल. हे बल अर्ध्या टनाच्या ओझ्याइतके आहे.

आता वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरवर आणला तर? वेग आठपट कमी झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती ६४ पट घटते आणि जेमतेम दीड ज्यूल उरते. माणूस जवळ असताना यंत्रमानव हळू चालवावा, या नियमामागे हा वर्ग आहे. तंत्रज्ञ कुंपणाच्या आत उभा राहून यंत्र हाताळत असेल तेव्हा हाताचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे औद्योगिक यंत्रमानवांसाठीचे आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

परंतु वेग कमी करून सर्व धोका संपत नाही. फटका बसला तरी माणूस मागे ढकलला जाऊ शकतो. मागे भिंत, खांब किंवा दुसरे यंत्र असेल तर त्याला हटायला जागाच नसते, आणि मोटर तर दाब देतच राहते. आकाशीला आणि बाउनाटालला हेच घडले. म्हणून यंत्राचा हात आणि भिंत यांच्यात माणूस सापडेल अशी चिंचोळी जागा मुळात ठेवायचीच नाही, ही काळजी यंत्र बसवण्यापूर्वीच नकाशावर घ्यावी लागते.

लिफ्टचे दार आणि गाडीची साखळी

कुंपणाचे दार उघडताच वीज कशी तुटते? याचे उत्तर आपल्या रोजच्या पाहण्यात आहे. एखाद्या मजल्यावर कुणी लिफ्टचे जाळीचे दार अर्धवट उघडे टाकले की खालच्या मजल्यावरचे लोक बटण दाबून दाबून कंटाळतात, पण लिफ्ट हलत नाही. प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक विद्युत्‌ संपर्क असतो आणि हे सगळे संपर्क एकसर जोडणीत असतात. त्यातला एक जरी उघडा राहिला तरी मंडल अपूर्ण राहते. यंत्रमानवाच्या कुंपणाची दारे, अवरक्त किरणांचे पडदे आणि धोक्याच्या वेळी दाबायची लाल बटणे हीदेखील अशीच एकसर जोडलेली असतात.

यातला बारकावा लक्षात घ्या. लाल बटण दाबल्यावर मंडल जोडले जाऊन ‘थांब’ असा संदेश जात नाही. उलट, मंडलातून विद्युतधारा सतत वाहत असते, तिचा अर्थ ‘सर्व ठीक आहे, चालू दे’ असा असतो आणि बटण दाबल्यावर ती तुटते. असे उलटे का करावे? समजा, उंदराने तार कुरतडली किंवा जोडणी सैल झाली. ‘जोडल्यावर थांबा’ अशी रचना असेल तर बिघाड कुणाला कळणारच नाही. संकटाच्या वेळी बटण दाबल्यावरच ते निकामी आहे हे समजेल. ‘तुटल्यावर थांबा’ अशी रचना असेल तर तार तुटताक्षणी यंत्र थांबेल. काम खोळंबेल, सुपरवायझर चिडेल, पण माणूस वाचेल.

बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे तत्त्व यंत्रमानवांपेक्षा कितीतरी जुने आहे. रेल्वेगाडीत ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब ब्रेक सोडवून ठेवण्याचे काम करतो. दाब गेला की ब्रेक लागतात. आपण साखळी ओढतो तेव्हा नळीतली हवा बाहेर जाऊ देतो, म्हणून गाडी थांबते. डबे सुटून मागे राहिले तर नळी तुटते आणि गाडीच्या दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. यंत्रमानवाच्या सांध्यांतील ब्रेक असेच असतात. स्प्रिंग ब्रेकला दाबून ठेवते आणि वीज वाहत असेपर्यंत विद्युतचुंबक त्याला सोडवून धरतो. वीज गेली की स्प्रिंग आपले काम करते. तसे नसते तर वीज तोडताच जड हात गुरुत्वाकर्षणाने खाली कोसळला असता, आणि वाचवायला गेलेला उपायच अपाय ठरला असता.

एकच संपर्क असेल आणि ठिणग्यांमुळे त्याची टोके एकमेकांना चिकटून बसली तर? म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन स्वतंत्र संपर्क एकसर ठेवतात. समजा, हजार वेळांत एकदा एक संपर्क दगा देतो. दोन्ही एकाच वेळी दगा देण्याची शक्यता मग हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक इतकी होईल. मात्र हा हिशेब दोन्ही बिघाडांची कारणे वेगवेगळी असतील तरच खरा. दोन्ही तारा एकाच नळीतून नेल्या आणि नळीच चिरडली, तर गुणाकार फुकट जातो. शिवाय दोन्ही संपर्कांचे उत्तर सारखे येते की नाही हे नियंत्रक सतत ताडून पाहतो. ते वेगळे आले की यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

किती दूर उभे राहायचे?

थांबण्याची आज्ञा मिळाली तरी यंत्र त्याच क्षणी थांबत नाही. धावत्या बसचा ब्रेक दाबल्यावर बस थोडी पुढे जातेच. समजा, किरणांचा पडदा तुटल्याचे कळायला ०.१ सेकंद आणि हात पूर्ण थांबायला ०.४ सेकंद लागतो, मिळून ०.५ सेकंद. हिशेबासाठी माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. तेवढ्या अवधीत माणूस १.६ × ०.५ = ०.८ मीटर पुढे येईल. म्हणून पडदा यंत्राच्या आवाक्यापासून निदान ८० सेंटिमीटर दूर हवा. पडद्यापलीकडे हात लांब करता येतो, त्यासाठी आणखी अंतर धरावे लागते. नव्या ओझ्यामुळे यंत्र थांबायला अधिक वेळ घेऊ लागले तर हे अंतर पुन्हा मोजले पाहिजे.

गोदामांत माल वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्यांना कुंपण घालता येत नाही. त्यांच्या पुढच्या भागी लेसर असतो. त्याचा किरण समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. तीन मीटरवर माणूस असेल तर जाऊन येऊन सहा मीटरच्या प्रवासाला प्रकाशाला सेकंदाचा पाच कोटीवा भाग पुरतो! माणूस जवळ येऊ लागला की गाडी प्रथम हळू होते आणि मग थांबते.

कुंपणाच्या आत

काही कामांसाठी मात्र आत जावेच लागते. यंत्रमानवाला नवे काम ‘शिकवताना’ तंत्रज्ञ हातातल्या पेटीने त्याचा हात एकेका ठिकाणी नेऊन त्या जागा नोंदवतो. या पेटीच्या मागे एक खास बटण असते. ते हलके धरून ठेवले तरच यंत्र हलते. सोडले तर थांबते आणि जोराने आवळले तरीही थांबते. तीन अवस्थांची ही योजना माणसाचा स्वभाव ओळखून केलेली आहे. माणूस घाबरला की एकतर हातातली वस्तू टाकतो, नाहीतर मूठ घट्ट आवळतो. दोन्ही वेळा यंत्र थांबलेच पाहिजे.

दुरुस्तीच्या वेळी याहून साधी युक्ती वापरतात. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तीन फिटर आत गेले तर तीन कुलपे. तिघेही बाहेर आल्याशिवाय स्विच चालू होऊ शकत नाही. पाळी बदलली, निरोप चुकला, कुणी नवखा आला, तरी कुलूप विसरत नाही.

इतके असूनही कुंपणावरून उडी का मारली जाते? दार उघडले की सगळी कामाची साखळी थांबते आणि ती पुन्हा सुरू करायला वेळ लागतो. दोन मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास कशाला घालवायचा, असा मोह होतो. काही ठिकाणी दाराच्या संपर्काला चिकटपट्टी लावून ‘दार बंद आहे’ असे यंत्राला भासवले जाते. यात दोष एकट्या कामगाराचा नसतो. सुरक्षित वाट लांबची आणि धोक्याची वाट जवळची ठेवणारा रचनाकार, आणि दर तासाला किती नग निघाले एवढेच विचारणारा अधिकारी, यांचाही त्यात वाटा असतो. उद्या तुमच्यापैकी कुणी आयटीआयमधून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून चाकणसारख्या ठिकाणी कामाला जाल, तेव्हा या तीन भूमिकांपैकी एक तुमच्याकडे येणारच आहे.

कुंपणाबाहेर आलेले यंत्रमानव

गेल्या काही वर्षांत कुंपणाशिवाय माणसाच्या शेजारी काम करणारे ‘सहकारी’ यंत्रमानव निघाले आहेत. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातही ते वापरात आले. त्यांचे हात हलके, कडा गोलसर आणि वेग बेताचा असतो. सांध्यांवरचे बल सतत मोजले जाते. अपेक्षेपेक्षा ते वाढले की हात थांबतो. शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब सोसतो हे ठरवण्यासाठी जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात स्वयंसेवकांवर प्रयोग झाले आणि त्यांच्या आधारे २०१६ साली मर्यादा ठरवून देण्यात आल्या. पण हात निरुपद्रवी असला म्हणून सारे भागले असे नाही. त्याच्या मुठीत धारदार पाते दिले तर ‘सहकारी’ हे नाव कामाला येत नाही.

माणसाच्या शेजारी येणाऱ्या यंत्राला माणसाचा उतावळेपणाही गृहीत धरावा लागतो. जुलै २०२२ मध्ये मॉस्कोतील एका बुद्धिबळ स्पर्धेत यंत्रमानवाने सात वर्षांच्या मुलाचे बोट पकडले आणि ते मोडले. मुलाने यंत्राची खेळी पूर्ण होण्याआधीच हात पुढे केला होता. मुले घाई करतात, यात नवल ते काय! पटावर सोंगटीऐवजी बोट आले तर काय करायचे, याची तरतूद यंत्रात असायला हवी होती.

हुकूम कोण देतो?

आतापर्यंत आपण तार आपोआप तुटण्याचा विचार केला. कुणी मुद्दाम खोटा हुकूम धाडला तर? आजचे यंत्रमानव संगणकाच्या जाळ्याला जोडलेले असतात. २०१७ साली इटलीतील मिलानच्या तंत्र-विद्यापीठातील संशोधकांनी, एका संगणक-सुरक्षा कंपनीबरोबर, कारखान्यात वापरला जाणारा एक यंत्रमानव प्रयोगशाळेत आणून त्याच्या नियंत्रकात जाळ्यावरून शिरकाव करून दाखवला. हाताची मोजमापे त्यांना अशी किंचित बदलता आली की माल सदोष निघेल, पण सहजी कळणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, यंत्राची खरी स्थिती एक आणि पडद्यावर दिसणारी दुसरी, असेही त्यांना करता आले. ‘यंत्र बंद आहे’ या अक्षरांवर विश्वास ठेवून आत जाणाऱ्या माणसाचे काय होईल याची कल्पना करा. संशोधकांनी या त्रुटी आधी उत्पादकांना कळवल्या होत्या आणि त्या दुरुस्त करण्यात आल्या.

त्याच वर्षी सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात हल्लेखोरांनी थेट सुरक्षा-नियंत्रकांतच घातक आज्ञावली घुसवली. पण तिच्यातील गडबड नियंत्रकांच्या स्वतःच्या तपासणीत उघड झाली, ते सुरक्षित स्थितीत गेले आणि कारखाना आपोआप बंद पडला. हल्ल्याचा सुगावा त्यामुळेच लागला. तुटक्या तारेसाठी योजलेले जुने तत्त्व येथे शत्रूविरुद्धही उपयोगी पडले.

घरातही हा प्रश्न आला आहे. २०२४ साली अमेरिकेतील काही शहरांत केर काढणाऱ्या यंत्रमानवांचा ताबा परक्या लोकांनी दुरून घेतला. त्यांच्या ध्वनिक्षेपकांतून शिव्या ऐकू येऊ लागल्या. जिन्याच्या कडेशी थांबणारे, कुणाच्या पायाला इजा न करणारे हे यंत्र त्या अर्थी सुरक्षित होते. पण त्याला कॅमेरा होता आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली होती. म्हणून असे यंत्र घरी आणल्यास त्याचा मूळ परवलीचा शब्द ताबडतोब बदलावा, उत्पादकाने पाठवलेल्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात आणि ज्याला जाळ्याची गरज नाही ते यंत्र जाळ्याला जोडूच नये. कारखान्यातही शेवटचे लाल बटण संगणकाला विचारत बसणारे नसावे. मोटरची वीज त्याने थेट तोडावी. जाळ्यावरून कितीही आज्ञा आल्या तरी खिशातली किल्ली आणि तुटलेले मंडल यांना त्या जोडू शकत नाहीत.

करून पहा

दोन विजेऱ्या, टॉर्चचा एक दिवा, लांब तार आणि एक कळ घ्या. पहिल्या रचनेत कळ दाबल्यावर दिवा लागू द्या. ‘दिवा लागला’ याचा अर्थ ‘थांबा’. दुसऱ्या रचनेत दिवा सतत पेटता ठेवा आणि कळीने तो विझू द्या. ‘दिवा विझला’ याचा अर्थ ‘थांबा’. आता मित्राला गुपचूप तार एका ठिकाणी सोडवायला सांगा. कोणत्या रचनेत बिघाड लगेच कळला?

मग दुसऱ्या रचनेत कळीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा मध्येच एकमेकींना टेकवा. कळ उघडली तरी दिवा पेटताच राहील, म्हणजे चांगली रचनाही फसली! हा बिघाड आपोआप उघडकीला यावा यासाठी काय करता येईल? दोन मंडले, दोन दिवे आणि त्यांच्या उत्तरांची तुलना, या दिशेने विचार करा आणि वर्गात आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.